ओब्रेनची टोपी

ग्रबोव्हित्सा, १९२४
संत पेत्रांच्या सणाआधीचा सोमवार

प्रिय दादा,

काल दुपारी तुझा कारकून येऊन गेला. चाचाकपासून उन्हातान्हात घोडा दामटत आलेला, तोंडाला कोरड पडलेली, म्हणून आधी त्याला सावलीत बसवून ताक दिलं, मक्याची भाकरी आणि साय वाढली, आणि मगच तू पाठवलेलं पाकीट फोडलं. आत दोन गोष्टी होत्या. जिल्ह्याच्या स्मृतिग्रंथासाठी तू लिहिलेलं आपल्या गावाचं प्रकरण, 'युद्धाचा उगम आणि वाटचाल', अकरा पानं. ती वाचून गावात राहिलेल्या बायकांनी काय पाहिलं याची मी भर घालावी, कारण म्हणे माझं अक्षर चांगलं आहे आणि आठवण त्याहून चांगली. दुसरी चार ओळींची चिठ्ठी. रविवारी जनरलसाहेब रस्त्यावरच्या नव्या स्मारकाचं उद्घाटन करायला येणार, तेव्हा त्याआधी 'तो दगड' वळणावरून हलवावा. ओब्रेनचा दगड असंही तू लिहिलं नाहीस. सख्ख्या भावाचं नाव लिहायला शाई कमी पडली असेल तर कळव, मी इथून पाठवते.

दगड हलणार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू घाई न करता वाचशील. तुझा कारकून माणूस भला आहे. त्याचे दोन भाऊ कोर्फूच्या समुद्रात आहेत, हे त्याने बोलता बोलता सांगितलं. तो म्हणाला, "ताई, साहेबांचीही अडचण समजून घ्या. रविवारपुरतं वरून एखादं कांबळं टाका. वाळत घातलंय म्हणून सांगू." मी म्हटलं, "भाऊ, पाहुणे येणार म्हणून लोक उकिरडा झाकतात, घरातला माणूस झाकत नाहीत." मग तो भाकरी खाऊ लागला, आणि जाताना वळणापाशी घोड्यावरून उतरून टोपी काढून उभा राहिला. हे मी कुंपणावरून पाहिलं. तुला त्याने सांगितलं नसेल.

आता तुझं प्रकरण. सुरुवात तू साराजेव्होपासून केली आहेस. युवराज, त्याची गाडी, पिस्तूल, मग अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिलेला तो उर्मट कागद, मग आपल्यावर युद्ध, मग रशिया, जर्मनी, फ्रान्स, सगळं जग एकामागोमाग एक. सगळं खरं असेल. पण गावाचं प्रकरण लिहितोस तर गावापासून सुरू कर की. माझ्या लेखी युद्ध डुकरांपासून सुरू झालं. पलीकडच्या बादशहाने आपल्या डुकरांना सीमा बंद केली त्या वर्षी तू वीस वर्षांचा होतास, आणि बाबांनी विकायला काढलेली अकरा डुकरं दीड महिन्याने तशीच परत आली, रोडावलेली. आठवतंय? बाबा म्हणाले होते, "डुकरावर राग काढणारा राजा उद्या माणसावर काढेल." गावातली निम्मी माणसं त्या दिवशी पहिल्यांदा त्या बादशहाला नाव घेऊन शिव्या देत होती. द्रीना नदी तोवर आपल्याला नुसती नदी होती, त्या वर्षापासून ती सीमा झाली. आणि नदीच्या पलीकडे आपला ओब्रेन होता.

स्मृतिग्रंथ वाचणाऱ्यांना हे ठाऊक नसणार, तुला मात्र पक्कं ठाऊक आहे, तरीही लिहिते, कारण तू विसरल्यासारखा वागतोस. आईचं माहेर पलीकडचं. तिच्या भावाला, तानासिये मामाला, मूलबाळ नव्हतं आणि आलुबुखाराची बाग मोठी होती. बहिणीचा एक मुलगा मागण्याचा रिवाजच होता, मामाने मागितला, आई नाही म्हणू शकली नाही. ओब्रेन तेव्हा नऊ वर्षांचा. मला सहावं होतं, पण मामाने त्याला घोड्यावर पुढ्यात बसवलं आणि आई धुराड्याआड जाऊन रडली, ते मला दिसतं. बाबा तिला म्हणाले, "अगं, नदीपलीकडेच तर चाललाय, चंद्रावर नाही." दोन दिवसांची वाट. पोराला कुठला राजा हवा असं कुणी विचारलं नाही. त्याला बाग हवी होती आणि मामाचा ठिपक्यांचा कुत्रा हवा होता.

दर शरद ऋतूत आपल्या घरच्या संताच्या सणाला तो यायचा, पाठीवर आलुबुखाराच्या दारूचा, रकियाचा बुधला आणि तोंडात पलीकडची लांबवलेली बोली. नदीपलीकडचा बोस्निया बादशहाने कायमचा गिळला, त्या वर्षीचं जेवण तुला आठवत असेल. तू टेबलावर मूठ आपटून म्हणालास, "थांब, एक दिवस आम्ही येऊन तुम्हाला सोडवतो." तो हाडूक चोखत म्हणाला, "या की. पण बागेतली फळं उतरवायच्या आत या, हात कमी पडतात." सगळे हसले, तू सोडून. तुला त्याची थट्टा कधीच आवडली नाही. तुझ्या मते माणूस एकतर इकडचा असतो नाहीतर तिकडचा. तो मात्र दोन्हीकडे जेवायचा आणि दोन्हीकडे भांडी घासायचा.

मग त्याला बादशहाच्या फौजेत तीन वर्षं काढावी लागली. बोस्नियाच्या पलटणींना तुर्की टोपी घालायला लावायचे, गोंड्याची, मग डोकं कुठल्याही देवाचं असो. सुटून आला तेव्हा ती टोपी पिशवीतून घेऊन आला आणि स्वयंपाकघरात घालून आम्हाला कवायत करून दाखवली, गोंडा नाकावर येईल अशी. माझ्या पोटात दुखेपर्यंत मी हसले. तू नुकताच तुर्कांच्या युद्धातून परतला होतास, तसल्याच टोप्यांवर गोळ्या झाडून, आणि पाय अजून बरा नव्हता. तू उठून बाहेर गेलास. मी तेव्हा तुला आखडू म्हटलं. आज म्हणणार नाही. त्या टोपीत तुला काय दिसत होतं ते मला कळायला वेळ लागला.

चौदा सालच्या उन्हाळ्याचं तू छान लिहिलं आहेस. कापणी अर्ध्यावर टाकून माणसं निघाली, घंटा, नगारे, पाद्रींचा आशीर्वाद, सगळं तसंच होतं. पण त्याच आठवड्यात नदीपलीकडेही घंटा वाजत होत्या, हे तुझ्या अकरा पानांत नाही. ओब्रेनलाही कागद आला. तू मला एकदा म्हणालास, की मनात असतं तर तो नदी पोहून आला असता, पुष्कळ जण आले. आले, खरं आहे. पण मामाला त्यांनी ओलीस धरून नेलं होतं, गावातल्या आणखी सहा जणांबरोबर, आणि चौकात सांगितलं होतं की इथला एक जरी पळाला तरी यांतला एक लटकेल. ज्या माणसाने त्याला नऊ वर्षांचा असल्यापासून पोटाशी धरलं, त्याची मान ओब्रेनच्या पायांना बांधलेली होती. त्याने काय करायला हवं होतं? सांग ना. तुझ्याकडे कचेरी आहे, शिक्का आहे, उत्तर लिहून पाठव.

आता नोव्हेंबर. तुझ्या प्रकरणातलं सातवं पान. उझित्से पडलं, तोफांना गोळे उरले नाहीत, रस्ते माणसांनी आणि चिखलाने भरले. गाव रिकामं झालं. आई युद्धाआधीच वारली होती, आणि बाबा हलेनात. म्हणाले, "मी पाथरवट आहे, दगड सोडून कुठे जाऊ?" आणि ते खरंच तेवढ्यासाठी राहिले. वळणावर त्यांनी घडवलेले चौदा शिपाई रांगेत उभे होते. परक्या मातीत मेलेल्या पोराचा दगड आपण स्मशानात ठेवत नाही, रस्त्यावर ठेवतो, येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून नाव वाचावं म्हणून. पुरुषभर उंचीचे, निळे डगले, लाल कॉलर, काळ्या मिशा, खांद्यावर बंदूक. दर दोन वर्षांनी बाबा त्यांना रंग द्यायचे आणि मी रंग घोटून द्यायची. बाबांना वाटत होतं, शत्रू येऊन त्यांची नाकं तोडतील.

त्या सकाळी तू दारात आलास. दाढी वाढलेली, बुटांना दोरी बांधलेली, बरोबर सहा जण. मी रकिया गरम करून दिली. तू म्हणालास, "स्तामेना, बाबांना घेऊन तळघरात जा आणि बाहेर येऊ नका. वरच्या कुंपणामागे आम्ही वीस जण आहोत, दुपारपर्यंत वळण धरून ठेवायचंय." बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. धुकं इतकं दाट होतं की तू फाटकातून बाहेर पडलास आणि चार पावलांत नाहीसा झालास.

पुढे काय झालं ते तू एका सुंदर वाक्यात लिहिलंस: 'गावच्या दगडी वीरांनीही शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलल्या.' जनरलसाहेबांना ते वाक्य आवडेल, छिद्रंही दाखवता येतील. खरं म्हणजे ती फजिती होती. धुक्यातून त्यांची तुकडी पुढे आली, समोर रांगेत चौदा शिपाई उभे, हलत नाहीत, पळत नाहीत. घाबरून त्यांनी जे झाडायला सुरुवात केली ते थांबेचनात. आम्ही तळघरात. खिडकी रस्त्याच्या पातळीला, तुला माहीत आहे. दगडाच्या कपच्या काचेवर येऊन आदळत होत्या आणि बाबा एकेका आवाजासरशी नाव घेत होते, कुणाच्या दगडाला लागली ते आवाजावरून ओळखून.

आणि मग तुझं दुसरं वाक्य: 'आपल्या पिछाडीच्या तुकडीने वळण राखले व शत्रूचा एक टेहळ्या टिपला.' दादा, या वाक्यावर मी शाईने रेघ मारली आहे. जाड मारली आहे, पुन्हा वाचता येणार नाही अशी. तू बायकांची भर मागितलीस ना? ही घे.

गोळ्यांच्या मधेच कुणीतरी ओरडलं. "अरे बंद करा रे! कुणावर झाडताय? दगड आहेत ते, दगड! माझ्या बापाने घडवलेत!" शेवटचा शब्द लांबवून, पलीकडच्यासारखा. आणि मग तो हसला. ते हसू मी हजारांत ओळखलं असतं. गोळीबार थांबला. धुक्यातून तो चालत आला, बंदूक पाठीला, हात मोकळे, ती गोंड्याची टोपी कानापर्यंत खाली ओढलेली, आणि पहिल्या दगडाच्या खांद्यावर त्याने जत्रेत मित्र भेटल्यासारखी थाप मारली. आपल्या माणसांना दाखवायला, की बघा, दगड. बाबा उठले. "ओब्रेन," एवढंच म्हणाले आणि जिन्याकडे धावले. मी मोजलं नाही, पण दोन श्वासांइतका वेळ गेला असेल. मग वरून, कुंपणाकडून गोळ्या आल्या.

तो टेहळ्या नव्हता. टेहळणी करणारा ओरडत येत नाही. दुपारी तुम्ही मागे हटलात आणि ते गावात शिरले. त्याच्या पलटणीतल्या दोघांनी बाबांना मदत केली, त्याला बागेत आणलं, खड्डा खणला. दोघेही रडत होते. मग त्यांनी आपल्या कोंबड्या कापून खाल्ल्या, हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील स्तामेना शत्रूचं गुणगान करते. त्या दोघांना तरी तो शत्रू कधी वाटला नाही.

पुढची वाटचाल तुला माझ्याहून चांगली माहीत आहे. तीन आठवड्यांत तुम्ही उलटून त्यांना द्रीनापार हाकललंत, सगळ्या जगाने तोंडात बोटं घातली. मग टायफस आला आणि जिंकलेल्यांना घेऊन गेला. बाबा फेब्रुवारीत गेले. जाईपर्यंत ते एकच दगड घडवत होते, तापातसुद्धा. हात झाले, डगला झाला, पाठीवरच्या बंदुकीचा पट्टा झाला, मिशीसुद्धा झाली, त्याची ती विरळ मिशी. कपाळाच्या वर मात्र त्यांनी टाकी लावली नाही. मी विचारलं की म्हणायचे, "टोपीचं बघू मागाहून." त्याच्या वर दगड तसाच राहिला, खाणीतून आला तसा, ओबडधोबड.

पंधरा साली तीन देशांनी मिळून आपल्याला घेरलं आणि तुम्ही बर्फातून अल्बानिया ओलांडलात. ते तू लिहिलेलं मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले, हे कबूल करते. घोड्याचं कच्चं मांस, पुलाखाली गोठलेले सोबती, कोर्फूला जमिनीवर जागा संपली म्हणून समुद्रात सोडलेली माणसं. मग सालोनिकाचे डोंगर, तुझं ताऱ्याचं पदक, मग परत येताना पायी केलेला सगळा देश. दादा, तुझ्या शौर्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. तुझ्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर मी त्याला हातोड्याने समजावेन. इथे आम्ही चर्चची घंटा गमावली, रकिया गाळायची तांब्याची भट्टी शेणाच्या ढिगात पुरून वाचवली, आणि मी बाबांची छिन्नी उचलली, कारण नावं येत होती आणि घडवणारं कुणी उरलं नव्हतं.

लोक आधी म्हणाले, बाईने शिपाई घडवला तर तो दगड लाभायचा नाही. मी म्हटलं, बाईने पोटात घडवलेला लाभला होता ना? आजवर एक्केचाळीस दगड केले. प्रत्येक घरी जाऊन विचारते, मिशी वर वळवायचा की खाली, हसायचा का, डावरा होता का. एका आईने न मिळालेलं पदक मागितलं, तेही कोरून दिलं, सरकार द्यायचं विसरलं होतं म्हणून. तेवढं एक खोटं माझ्या खात्यावर आहे. दुसरं करणार नाही.

तू अठरा साली परत आलास तो दिवस मला फार वेळा आठवतो. तू ओट्यावर बसलास आणि एकेकाचं विचारलंस. बाबांचं विचारून रडलास. शेजारच्या मिलादिनकाकांचं विचारलंस, पाद्रींचं, गिरणीवाल्याचं, पांढऱ्या गाईचंसुद्धा विचारलंस. ओब्रेनचं विचारलं नाहीस. चार वर्षं पलीकडच्या फौजेत असलेला भाऊ जिवंत आहे की मेला, एवढं कुणीही विचारतं. मी तुझ्या पुढ्यात सूप ठेवलं आणि त्या क्षणी मला कळलं, की तूही तो आवाज ऐकला होतास.

तेव्हापासून मी वाट पाहिली. सहा वर्षं काही थोडी नव्हेत. तू गावात आलास की वळणावरून येत नाहीस, गिरणीकडच्या पायवाटेने येतोस, बूट चिखलाने भरवून. मग शहरात नोकरी धरलीस. या वसंतात मात्र मी बाबांचा तो दगड उभा केला, आणि टोपी घडवली. मिलादिनकाका काठी टेकत आले. म्हणाले, "अगं पोरी, आपल्या शिपायांची घडीची टोपी कोर की. कोण बघतंय?" मी म्हटलं, "काका, त्याच्या डोक्यावर आपली टोपी कोरली, तर मग त्याला मारलं कुणी, आणि कशासाठी?" काकांनी काठीच्या टोकाने दगडाचा माथा चाचपला. मग म्हणाले, "गोंडा डावीकडे होता." मी गोंडा डावीकडे कोरला.

जिथे तो पडला तिथेच दगड आहे, बाबांच्या रांगेत, पंधरावा. हो, तुर्की टोपीचा शिपाई आपल्या शिपायांच्या खांद्याला खांदा लावून. पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या तोंडावर चिखल मारला. मी धुतला. पुन्हा मारला, पुन्हा धुतला. तिसऱ्या वेळी मी आडोशाला बसूनच राहिले, तर मिलादिनकाकांची सून आली, दोन नवरे गमावलेली, ओंजळीत चिखल घेऊन. मला पाहून थबकली. मग तिने विचारलं, "वय काय होतं त्याचं?" मी म्हटलं, "पंचवीस." तिने चिखल गटारात टाकला आणि हात गवताला पुसले. मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांच्या नावाने घास ठेवतात त्या दिवशी, त्याच्या पायाशी उकडलेले गहू ठेवलेले होते. मी ठेवले नव्हते.

तुला वाटत असेल मी तुझा न्याय करायला बसले आहे. नाही. वीस बंदुका होत्या. कुणाची लागली ते मला नको आहे, देवानेही मला सांगू नये. धुकं होतं, तुर्की टोपी होती, तुझं बोट थंडीने आखडलेलं होतं, वरचा अधिकारी ओरडत होता, आणि 'तो माझा भाऊ आहे' हे चार शब्द उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तुझ्यापाशी होता. ते तोंडातून निघाले नाहीत. कदाचित कुणाच्याच निघाले नसते. ते मी तुला कधीच माफ केलं, दादा, तू सूप पीत होतास तेव्हाच. पण 'टेहळ्या' मी माफ करणार नाही. तेव्हा तुझ्यापाशी दोन श्वास होते. हा शब्द लिहायला तुझ्यापाशी दहा वर्षं होती, टेबल होतं, दिवा होता, आणि तू विचार करून तो लिहिलास. त्या पुस्तकाच्या दोन हजार प्रती निघणार म्हणे. माझ्यापाशी एकच प्रत आहे, पण ती दगडाची आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. प्रत्येक दगडाच्या तळाशी शेवटची ओळ कुणाची असते, हे तू पाथरवटाचा मुलगा असून तुला मी सांगायला नको. उभारणाऱ्याची. घरातल्या सर्वांत जवळच्या पुरुषाची. बाबा नाहीत, मामा बादशहाच्या कैदेत वारला. ओब्रेनच्या दगडावर असं आहे: 'वाटसरू, थांब. मी ओब्रेन, पंचवीस वर्षांचा. ही टोपी मी मागितली नव्हती. माझ्या बापाच्या दगडांना वाचवायला आलो आणि इथे राहिलो. हा दगड उभारला भाऊ विदोये याने.' शेवटची ओळ मी गेल्या मंगळवारी कोरली, तुला न विचारता. तुझ्या कारकुनाला ती दिसली नाही, कारण तिथे गवत गुडघाभर वाढलंय. जनरलसाहेब म्हणे प्रत्येक दगड वाचतात, आणि रविवारी तू त्यांच्या शेजारीच उभा असशील. तुझं नाव नको असेल तर त्याआधी ये, भर उजेडात, रस्त्याच्या बाजूने ये, आणि स्वतःच्या हाताने खोडून काढ. मी अडवणार नाही आणि मदतही करणार नाही. चाचाकपासून उझित्सेपर्यंत एकही पाथरवट ते तुझ्यासाठी करणार नाही, मी सगळ्यांना विचारून ठेवलंय. गवत मी शनिवारी सकाळी कापणार आहे.

तुझीच बहीण,
स्तामेना